सागरी जलजीवालयातील उपद्रवी शैवले

काचेच्या टाकीत समुद्राचे किंवा कृत्रिम रीत्या तयार केलेले खारे पाणी भरून त्यात मासे, प्रवाळ, शंखधारी व अन्य सागरी जीव पाळतात. अशा टाकीस सागरी जलजीवालय (मत्स्यालय) म्हणतात. तिच्यातील काच, खडक, वाळू व प्रवाळ यांवर प्रमाणाबाहेर वाढणाऱ्या आणि इतर जीवांचा प्रकाश, जागा व ऑक्सिजन यांवर आक्रमण करणाऱ्या शैवलांना उपद्रवी शैवले ही संज्ञा देतात. ही संज्ञा वनस्पतिवैज्ञानिक वर्गीकरणातील नव्हे. शेतातील ‘तण’ या शब्दाप्रमाणे ती वनस्पतीच्या जातीपेक्षा तिच्या अस्थानी व अवाजवी वाढीची निदर्शक आहे. शैवले मुळात जलजीवालयाची शत्रू नाहीत. प्रवाळांच्या ऊतकांत राहून त्यांना अन्न पुरविणारी झोझँथेली ही एककोशिक शैवलेच होत आणि खडकांवर गुलाबी-जांभळे कठीण पुट चढविणारी चूर्णमय तांबडी शैवले ही टाकी निरोगी असल्याची खूण मानली जाते. उपद्रवी वाढ हा रोग नसून पाण्यातील पोषकद्रव्यांच्या जमाखर्चाचा तोल बिघडल्याचे ते लक्षण आहे. समुद्रापासून सु. दोनशे ते तीनशे किमी. आत असलेल्या धुळे व जळगाव या जिल्ह्यांत हा तोल बिघडण्याचे एक कारण टाकीच्या बाहेर, म्हणजे तिच्यात रोज भर घालण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यात असते.

इतिहास : बंदिस्त पाण्यात जीव व वनस्पती यांचा समतोल राखता येतो, हे रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८५० मध्ये दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगात मासे व पाणवनस्पती असतानाही पाणी बिघडू लागले. गोगलगायी सोडल्यावर त्यांनी कुजणारी पाने व शेवाळी थर खाऊन टाकला आणि पाणी स्वच्छ राहिले. शैवलांचे नियंत्रण हा प्रश्न अशा रीतीने जलजीवालयाच्या कल्पनेबरोबरच जन्मास आला. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ मधील ग्रंथामुळे सागरी जलजीवालयांचा छंद इंग्लंडमध्ये पसरला. महाराष्ट्रात मुंबईच्या समुद्रकाठी १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये खडक व त्यांवरील सूक्ष्मजीव यांच्या साहाय्याने घरगुती टाकी राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर एडी यांनी १९८०च्या सुमारास शैवलांकडूनच पाणी शुद्ध करून घेण्याचे तंत्र विकसित केले. तयार क्षारमिश्रणे व विद्युत् दिवे सुलभ झाल्यावर समुद्रापासून दूरच्या गावांतही असा छंद जोपासणे शक्य झाले.

प्रकार : उपाय योजण्यापूर्वी वाढ कशाची आहे हे ओळखणे आवश्यक असते, कारण एका प्रकारावरील उपाय दुसऱ्यास पोषक ठरू शकतो.

करंडक वनस्पती किंवा डायाटम यांचा तपकिरी, भुकटीसारखा थर नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळू व काचेवर बसतो. यांच्या कोशिकाभित्ती सिलिकेच्या असतात. पाण्यातील सिलिका संपली की हा थर आपोआप ओसरतो. तो न ओसरल्यास सिलिका कोठून तरी सतत येत आहे असे समजावे.

हिरवा पातळ थर काचेवर सर्वत्र येतो. तो खरवडून निघतो व फारसा त्रासदायक नसतो. याउलट डर्बेशिया, ब्रायॉप्सिस, क्लॅडोफोरा यांसारखी केसाळ हिरवी शैवले खडकांवर झुपक्यांनी वाढून प्रवाळांना झाकून टाकतात. व्हॅलोनिया या शैवलाचे हिरवे, चकचकीत, पाण्याने भरलेले फुगे दिसतात. त्यातील प्रत्येक मोठा फुगा ही वस्तुतः एकच कोशिका असते. कौलर्पा या शैवलाचे आडवे खोड खडकावरून सरपटत जाते व तुटलेल्या लहानशा तुकड्यापासूनही नवी वाढ होते.

तांबडा किंवा काळपट जांभळा, बुळबुळीत, चादरीसारखा उचलला जाणारा थर हा नील-हरित शैवलांचा असतो. हे जीव वास्तविक जीवाणू आहेत. यांपैकी काही जाती पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजन वायूचे स्थिरीकरण करतात. त्यामुळे केवळ नायट्रेट कमी करून त्या आटोक्यात येत नाहीत. संथ प्रवाहाच्या व गाळ साचलेल्या जागी त्या विशेष फोफावतात.

डायनोफ्लॅजेलेट गटातील ऑस्ट्रिऑप्सिस, अँफिडिनियम इ. वंशांची वाढ तपकिरी, तारेसारख्या चिकट धाग्यांच्या रूपात दिसते व तीत वायूचे बुडबुडे अडकलेले असतात. यांतील काही जाती विषारी असून त्यांमुळे गोगलगायी मरतात. नायट्रेट व फॉस्फेट जवळजवळ शून्यावर आणले असता इतर सूक्ष्मजीवांची स्पर्धा संपते आणि हे जीव डोके वर काढतात. अतिस्वच्छतेचाही उपद्रव होतो, हे यावरून ध्यानात येईल.

वाढीची कारणे : शैवलांना प्रकाश, कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस व काही लेशमात्र मूलद्रव्ये लागतात. अमेरिकन सागरवैज्ञानिक आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ पासून केलेल्या अभ्यासातून समुद्रातील प्लवकांत कार्बन, नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण सरासरीने १०६ : १६ : १ असते, असे दिसून आले. तळाशी चिकटून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींत हे प्रमाण सु. ५५० : ३० : १ असल्याचे १९८३ मध्ये दाखविण्यात आले. याचा अर्थ असा की, १ मिग्रॅ. फॉस्फरसाच्या आधारे असे शैवल २०० मिग्रॅ.हून अधिक कार्बन आपल्या शरीरात बांधू शकते. फॉस्फेटाची क्षुल्लक वाटणारी मात्रा शैवलाचा मोठा झुपका का उभा करते, हे यावरून कळते.

टाकीतील पोषकद्रव्यांचा नित्याचा स्रोत म्हणजे माशांचे खाद्य होय. कोरड्या खाद्यात प्रथिने सु. ४५% व फॉस्फरस सु. १% धरल्यास १ ग्रॅ. खाद्यातून अखेरीस सु. ३२० मिग्रॅ. नायट्रेट व ३० मिग्रॅ. फॉस्फेट निर्माण होऊ शकते. २०० लि.च्या टाकीत हे प्रमाण लिटरमागे अनुक्रमे १·६ व ०·१५ मिग्रॅ. भरते. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे जीवाणूंकडून प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर होते (नायट्रीकरण). खडकांच्या आतील ऑक्सिजनविरहित भागात दुसरे जीवाणू काही नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात (विनायट्रीकरण). फॉस्फेटाला अशी हवेत निसटण्याची वाट नसते. ते कॅल्शियम कार्बोनेटाच्या खडकांना व वाळूला चिकटून साठते आणि पाण्यातील प्रमाण घटले की पुन्हा सुटू लागते.

पाण्याच्या तपासणीत नायट्रेट व फॉस्फेट अत्यल्प आढळूनही खडक शैवलांनी भरलेले असतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. येथे तपासणी चुकलेली नसते. पोषकद्रव्ये पाण्यात शिल्लक न राहता शैवलांच्या शरीरात जमा झालेली असतात.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव व धुळे जिल्ह्यांतील उन्हाळा अतिशय कडक व कोरडा असतो; जळगाव-भुसावळ परिसरात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. प्रवाळांना २४° ते २७° से. तापमान मानवते. ३०° से.च्या पुढे ते दीर्घकाळ राहिल्यास प्रवाळांतील झोझँथेली बाहेर पडून प्रवाळ पांढरे पडतात. पाण्याच्या पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनामुळे तापमान काही अंशांनी उतरते. कोरड्या हवेत हा स्वस्त उपाय विशेष परिणामकारक ठरतो. मात्र पाणी झपाट्याने आटते. आटताना केवळ शुद्ध पाणी उडून जाते व सर्व क्षार मागे राहतात. म्हणून घटलेली पातळी खाऱ्या नव्हे, तर गोड्या पाण्याने भरून काढावी लागते. या पाण्याबरोबर जे काही विरघळून येते, ते टाकीतच साचत जाते.

या जिल्ह्यांचा बराच भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाने व्यापलेला असून तापीच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर आहेत. बेसाल्टातून झिरपणाऱ्या पाण्यात सिलिका बरीच विरघळलेली असते. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील केळीसारख्या बागायती पिकांना नत्रयुक्त खते मोठ्या प्रमाणात दिली जातात. न शोषलेले नत्र नायट्रेटाच्या रूपाने खाली झिरपते. सांडपाणी व शेणखताचे ढीग यांचीही त्यात भर पडते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात नायट्रेटाने सर्वाधिक बाधित अशा देशातील १५ जिल्ह्यांत जळगावचा समावेश आहे.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिग्रॅ.पर्यंत नायट्रेट चालते. प्रवाळांच्या टाकीत मात्र ते ५ ते १० मिग्रॅ.च्या आत ठेवणे इष्ट मानतात. पिण्यास योग्य ठरलेले पाणी टाकीस अयोग्य असू शकते ते यामुळेच. समजा, २०० लि.च्या टाकीतून रोज ४ लि. पाणी आटते आणि लिटरमागे ४० मिग्रॅ. नायट्रेट असलेल्या विहिरीच्या पाण्याने ते भरून काढले जाते. अशा स्थितीत रोज १६० मिग्रॅ. नायट्रेट टाकीत पडते, म्हणजे लिटरमागे ०·८ मिग्रॅ.; एका महिन्यात ही वाढ २४ मिग्रॅ. होते. ही भर १/२ ग्रॅ. कोरड्या खाद्याइतकी आहे, परंतु ती खाद्यासारखी डोळ्यांस दिसत नाही.

आठवड्यास १०% पाणी बदलण्याच्या प्रचलित उपायाची मर्यादाही याच हिशेबाने स्पष्ट होते. वरील टाकीत आठवड्याला लिटरमागे ५·६ मिग्रॅ. भर पडते आणि पाणी बदलल्याने असलेल्याच्या केवळ एकदशांश नायट्रेट निघते. नवे खारे पाणी संपूर्ण शुद्ध पाण्यात तयार केले, तरी ही दोन्ही प्रमाणे लिटरमागे सु. ५६ मिग्रॅ. या पातळीस समान होतात. तेच विहिरीचे पाणी वापरल्यास ही पातळी सु. ९६ मिग्रॅ.पर्यंत चढते. प्रत्यक्षात विनायट्रीकरण व शैवलांची वाढ यांमुळे आकडे एवढे वर जात नाहीत. पण शैवलांनी शोषलेला भाग हाच तर उपद्रव होय.

नियंत्रणाचे उपाय : पहिला उपाय पाण्याचा. आरओ या नावाने परिचित असलेल्या व्यस्त तर्षण पद्धतीने बहुतेक क्षार वेगळे होतात; परंतु नायट्रेट व सिलिका यांचा काही अंश पटलातून निसटतो. म्हणून पुढे आयन-विनिमयी रेझिनाचा टप्पा जोडतात. स्वयंपाकघरातील शुद्धीकरण यंत्राचे पाणी यास पुरेसे समजू नये, कारण चव राखण्यासाठी अशा अनेक यंत्रांत न गाळलेल्या क्षारांचा काही भाग पुन्हा मिसळण्याची सोय असते. एकूण विरघळलेले क्षार दर्शविणाऱ्या मापकावर जवळजवळ शून्य दिसेल असेच पाणी वापरावे. या प्रक्रियेत शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडते. टंचाईच्या प्रदेशात ते साठवून धुण्यापुसण्यास व शौचालयास वापरणे योग्य होय. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी मात्र टाळावे, कारण त्यात नळ्यांतील तांब्याचा अंश असण्याचा संभव असतो. बाजारातील खाण्याचे किंवा मिठागराचे मीठही चालत नाही, कारण मीठ तयार होताना समुद्रजलातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची संयुगे मोठ्या प्रमाणात वेगळी झालेली असतात.

दुसरा उपाय हाताने काढण्याचा. केसाळ शैवले बोटांनी किंवा ब्रशाने उपटताना सुटलेले तुकडे नळीने त्याच वेळी शोषून घ्यावेत. व्हॅलोनियाचे फुगे शक्यतो न फोडता अलगद सोडवावेत. काढलेल्या प्रत्येक झुपक्याबरोबर त्याने साठविलेला फॉस्फरस टाकीबाहेर जातो, म्हणून या कष्टाला दुसरा पर्याय नाही. दिवे रोज ८ ते १० तासांहून अधिक लावू नयेत आणि टाकीवर थेट ऊन पडू देऊ नये. खाद्य काही मिनिटांत संपेल एवढेच द्यावे व गोठविलेले खाद्य वितळल्यावर त्याचे पाणी गाळून टाकावे.

तिसरा उपाय पोषकद्रव्ये सातत्याने बाहेर काढण्याचा. प्रोटीन स्किमर या उपकरणात पाण्यातून हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. विरघळलेले सेंद्रिय पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठास चिकटून फेसाच्या रूपाने वर येतात व कुजून नायट्रेट होण्यापूर्वीच काढून टाकता येतात. जोडटाकीत चीटोमोर्फा हे दोऱ्यासारखे शैवल मुद्दाम वाढवून त्याची वेळोवेळी छाटणी करण्याची पद्धतही उपयुक्त आहे. इच्छित जागी वाढविलेले शैवल अनिच्छित जागच्या शैवलाचे अन्न पळविते, हे तिचे तत्त्व. जोडटाकीतील दिवा रात्री लावल्यास रात्री घटणारा ऑक्सिजन काही अंशी भरून निघतो. लोहाच्या हायड्रॉक्साइडाचे दाणे फॉस्फेट शोषून घेतात. ते थोड्या मात्रेने सुरू करावेत, कारण फॉस्फेट एकाएकी घटल्यास प्रवाळांस इजा होते व डायनोफ्लॅजेलेटांना वाव मिळतो.

चौथा उपाय शैवलभक्षक जीवांचा. टर्बो व ट्रोकस वंशांतील गोगलगायी, सागरी अर्चिन, तसेच झेब्रासोमा व सिगॅनस वंशांतील मासे यांचा यात समावेश होतो. निसर्गात या जीवांचे महत्त्व किती आहे, ते कॅरिबियन समुद्रात दिसून आले. तेथील डायाडेमा अँटिलॅरम या शैवलभक्षक अर्चिनांपैकी ९० टक्क्यांहून अधिक १९८३-८४ मधील साथीत मरण पावले. जमेकाच्या प्रवाळभित्तींवर १९७७ मध्ये सु. ५२% असलेले प्रवाळांचे आच्छादन १९९०च्या दशकाच्या प्रारंभी ३ टक्क्यांवर आले आणि शैवलांचे ४ वरून ९२ टक्क्यांवर गेले. अतिमासेमारी व चक्री वादळे यांचाही यास हातभार लागला. तथापि घरगुती टाकीत असे जीव झेपतील तेवढेच सोडावेत. ते शैवल खातात, पण त्यातील पोषकद्रव्यांचा मोठा भाग विष्ठेवाटे टाकीतच परत करतात.

रासायनिक उपायांविषयी विशेष सावधगिरी हवी. खानदेशात ठिबक सिंचनाचा प्रसार मोठा आहे. तोट्या शैवलांनी तुंबू नयेत म्हणून शेतकरी वाळूची गाळणी व क्लोरिनाची प्रक्रिया वापरतात. साठवण-तळ्यांतील शेवाळावर मोरचुदाचाही वापर होतो. सागरी टाकीत या वस्तू घालणे घातक ठरते. तांब्याच्या अल्प मात्रेनेही गोगलगायी, कोळंबी व प्रवाळ मरतात आणि क्लोरिनामुळे उपयुक्त जीवाणू नष्ट होतात. तांबड्या थरावर प्रतिजैविके वापरण्याची प्रथाही याच कारणाने त्याज्य होय. त्यापेक्षा प्रवाह वाढविणे व गाळ शोषून काढणे हितावह असते.

दक्षता : ३०° से.स समुद्रजलात लिटरमागे जास्तीत जास्त सु. ६·२ मिग्रॅ. ऑक्सिजन विरघळतो, त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात तो सु. ७·५ मिग्रॅ. असतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, पण शैवलांचे श्वसन चालूच राहते. टाकी शैवलांनी भरलेली असताना उन्हाळ्याच्या रात्री वीज गेली, तर काही तासांत मासे गुदमरू शकतात. सर्व शैवले एकदम मारल्यास ती कुजताना हाच धोका अधिक वाढतो. म्हणून एका वेळी टाकीचा एकतृतीयांश भागच स्वच्छ करावा आणि बॅटरीवर चालणारा वायुपंप तयार ठेवावा. पॅलिथोआ व तत्सम प्राणी असलेले खडक शैवल काढण्यासाठी कधीही उकळू नयेत किंवा कोरडे घासू नयेत; त्यांतील पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष वाफेतून किंवा जखमेतून शरीरात जाऊन माणसाच्या जिवावर बेतू शकते.

उपटलेली शैवले गटारात किंवा नदीनाल्यात न टाकता उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकून द्यावीत. कौलर्पा टॅक्सिफोलिया हे शोभेचे शैवल १९८४ मध्ये मोनॅको येथील सागरी संग्रहालयानजीक भूमध्य समुद्रात प्रथम आढळले व पुढे तेथील तळावर दूरवर पसरले. २००० मध्ये कॅलिफोर्नियाच्या दोन खाजणांत ते सापडले. त्याचे संपूर्ण उच्चाटन झाल्याचे २००६ मध्ये जाहीर करण्यात आले. भारतात मानारच्या आखातातील प्रवाळांवर कॅपाफायकस अल्व्हारेझी या लागवडीसाठी आणलेल्या शैवलाचे आक्रमण २००८ मध्ये नोंदविले गेले. खानदेशातील ओढ्यांच्या गोड्या पाण्यात सागरी शैवले तग धरणार नाहीत हे खरे. परंतु सुटीत किनाऱ्यावर जाताना टाकीतील जीव किंवा पाणी ‘समुद्राचे समुद्राला’ म्हणून सोडणे अनिष्ट होय. त्याचप्रमाणे भारतीय समुद्रातील शैल-प्रवाळ व सागरी घोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असल्याने ते किनाऱ्यावरून गोळा करून टाकीत ठेवता येत नाहीत.

वरील उपाय योजल्यावर परिणाम दिसण्यास बहुधा दोन ते तीन महिने लागतात, कारण खडकांत मुरलेले फॉस्फेट सावकाश सुटते. या काळात आठवड्यातून एकदा नायट्रेट व फॉस्फेट मोजून नोंद ठेवावी. त्याबरोबरच भर घालण्याच्या पाण्याचीही वेगळी तपासणी करावी. उन्हाळ्यात विहिरींची पातळी खालावते व पाण्यातील क्षारांचे प्रमाण बदलते. त्याच वेळी टाकीतील पाणी सर्वाधिक आटते. त्यामुळे ही तपासणी फाल्गुन ते ज्येष्ठ या महिन्यांत चुकवू नये.